उतावळीला चिनी भाषेत काय म्हणतात

इनबाई, तुमची तेरवी झाली, मंडप सुटला, सोयरे आपापल्या गावी गेले आणि मी अकोल्याला परत आले. काल दुकान उघडलं. पहिलंच ब्लाऊज कापायला घेतलं आणि दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या कापून बसले. इतकी वर्षं कातर चालवते आहे, असं कधी झालं नव्हतं. गिऱ्हाइकाचं कापड वाया गेलं. तेव्हा मशीनवर कापड टाकलं, अर्धं शटर ओढलं आणि ठरवलं, आधी तुमच्याशी भांडून घ्यावं, मग लोकांचे कपडे शिवावेत.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलीन, तेही बोलीन. पण आधी राग ऐका. तुमी मले फसवलं. परक्या माणसानं फसवलं असतं तर मी त्याच्या दारात उभी राहून चार गोष्टी ऐकवल्या असत्या आणि मोकळी झाले असते. पण फसवलं लेकीच्या सासूनं, तेही माझ्या पोटच्या पोरीला हाताशी धरून. आता मी कोणाच्या दारात उभी राहू, तुम्हीच सांगा.

एकदा पुण्याकडची एक बाई माप द्यायला आली होती आणि मी कोणाला तरी फोनवर म्हटलं, ‘इनबाई येऊन राहिल्या आज.’ तिला वाटलं, इनबाई हे कोणाचं तरी नाव. तिला सांगावं लागलं, अहो विहीण, आमच्या प्राजक्ताची सासू, अमरावतीची. तर ती म्हणते, ‘विहीण येणार म्हणून एवढा आनंद?’ ही गोष्ट मी तुम्हाला सांगितली तेव्हा तुम्ही किती हसलात. आपलं जमलं होतं हे खरंच आहे. लग्नात मानपानावरून आपण दोघी रुसलो नाही, साडीच्या काठावरून बोललो नाही, यातच अर्धी सोयरेमंडळी निराश होऊन परत गेली.

पण मान मी सोडला नव्हता. माझ्या आईनं मला दोन गोष्टी शिकवून पाठवलं होतं. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, निदान नातवंड होईपर्यंत. आणि लेकीच्या सासरी बोलावल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्याकडे आले तेव्हा एप्रिल होता, अमरावती भट्टीसारखी तापलेली, आणि मी पाण्याचा पेला तसाच बाजूला सरकवला. तुम्ही चपला घातल्या, कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या आणि थंडगार बाटली घेऊन आल्या. ‘हे आमच्या घरचं नाही, दुकानदाराचं हाय. त्याच्या घरात तर तुमी पोरगी देली नाही न? प्या आता.’ मी प्यायले. त्या दिवशीपासून तुम्ही मला आवडायला लागलात, हे मी कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं नाही, तुम्हाला ते कळलंच होतं.

इरा झाल्यावर पाण्याचा नियम सुटला. बोलावण्याचा मात्र राहिला. तुम्ही त्यालाही वाट काढली होती. फोन ठेवताना दर वेळी म्हणायच्या, ‘येजा.’ बस, तेवढंच. ‘येजा इनबाई अमरावतीले.’ मग मला वाटेल तेव्हा अकोल्याच्या स्टँडवर जाऊन अमरावतीची एसटी धरता यायची, कारण बोलावणं माझ्या खिशात असायचं. घरात हे म्हणायचे, ‘आत्ता तं गेलती.’ मी म्हणायचे, ‘बलावलं हाय.’

तुमचा निखिल आणि माझी प्राजक्ता शांघायला गेले तेव्हा आपण दोघी एकाच पोरीच्या दोन आया झालो. रविवारचा फोन ठरला. तिघींच्या तीन चौकटी आणि मध्ये इराचं नाक. ती पोट्टी दर महिन्याला एक मराठी शब्द विसरायची आणि त्या जागी चिनी शब्द ठेवायची. मला हसू यायचं. तुम्हाला मात्र ते लागलं. एके दिवशी तुम्ही म्हणालात, ‘मी शिकून राहिली चिनी. नातीशी बोलताना दुभाष्या नाही लागला पाहिजे.’ मी म्हटलं, मी पण.

मग काय झालं ते तुम्ही सगळ्यांना रंगवून सांगायच्या. मोबाइलवरचे धडे मी आठवड्यात संपवले, रस्त्यानं जाताना, मशीन चालवताना, पोळ्या लाटताना. आणि पुढच्या आठवड्यात ‘नमस्कार’सुद्धा आठवेना. तुम्ही एक शब्द धरायच्या आणि तो सबंध आठवडा तोंडात ठेवायच्या, सुपारीसारखा. भाजीवाल्याला चिनीत ‘धन्यवाद’ म्हणायच्या. तो बिचारा विचारायचा, ‘बाई, तब्येत बरी हाय न?’

उतावळी तर मी आहेच. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण आमच्या घरात नवऱ्यासाठी नाही, माझ्यासाठी वापरतात. लग्नसराईत माझं दुकान कपडे वेळेच्या आधी देतं ते या स्वभावामुळंच. तुम्हाला हा स्वभाव खटकत नव्हता, गंमत वाटायची. निदान मला तसं वाटायचं. तुमच्या मनात त्याचा निकाल लागलेला आहे, हे मला दिवाळीनंतर कळायला हवं होतं.

दिवाळीनंतरचा तो दिवस मी पुन्हा पुन्हा उसवून पाहते. मी दुपारच्या गाडीनं आले होते. तुम्ही चहा ठेवला आणि मी नेहमीप्रमाणे उकळी यायच्या आधीच गाळणी घेऊन उभी. तुम्ही माझा हात धरला. ‘थांबा. तुमच्यासाठी एक शब्द काढून ठेवला मी.’

‘कोणता?’

‘जी-शिंग-झ.’

‘म्हणजे काय?’

‘म्हणजे तुमी.’

मग समजावून सांगितलंत. जी म्हणजे घाईचं, शिंग-झ म्हणजे स्वभाव. ज्याला दम निघत नाही असा माणूस. ‘जी वर चढवायचं, कोनाले विचारून राहिलो असं. शिंग खाली आपटायचं, भांडं ठेवल्यासारखं. झ ले काहीच करायचं नाही.’ मी म्हटलं तर माझं तिन्ही वर चढलं. तुम्ही पुन्हा म्हणायला लावलं. चहा उतू गेला तरी तुम्ही म्हणायलाच लावत होत्या.

‘अन् तुमी कोण?’ मी विचारलं.

‘मी मान-शिंग-झ. संथ.’

‘मान? मान तं तुमाले जन्मभर देऊन राहिली मी, अजून कायचा पाहिजे?’ यावर आपण दोघी हसलो. मग तुम्ही गॅसच्या ओट्यावर सांडलेल्या चहात बोट बुडवून ती अक्षरं काढून दाखवली. घाईच्या अक्षराच्या खाली काळजाचं चिन्ह असतं, म्हणालात. आणि संथच्या अक्षरातही तेच काळीज असतं, फक्त खाली नाही, बाजूला उभं. ‘दोघींचं काळीज हायच, जागा वेगळी हाय,’ असं म्हणत तुम्ही ओटा पुसला.

मला ते इतकं आवडलं की परतीच्या गाडीत मी खिडकीच्या काचेवर ते अक्षर काढत आले. शेजारची बाई सरकून बसली.

आणि आता प्राजक्ता सांगते की त्याच आठवड्यात नागपूरहून तुमचा रिपोर्ट आला होता. पोटात गाठ. पसरलेली. तुम्ही मला सांगितलं होतं, गुडघा दाखवायला गेल्या होत्या. मी तुमच्यासाठी गुडघ्याचं तेल घेऊन आले होते, इनबाई, घरी उकळून, गाळून. तुम्ही ते माझ्यासमोर गुडघ्याला लावून घेतलंत. ‘बरं वाटून राहिलं,’ म्हणालात. त्या तेलाचा मला सगळ्यात जास्त राग येतो. खोटं बोलायचं तर तोंडानं बोलावं, गुडघा कशाला पुढं करावा.

माझ्या फितीनं तुम्हाला जवळजवळ पकडलं होतं. गुढीपाडव्याला नेसायच्या साडीवरचं ब्लाऊज शिवायला घेतलं, तेव्हा छातीचं माप जुन्यापेक्षा चांगलंच कमी भरलं. मी फीत दोनदा लावली. वर्षानुवर्षं ज्या अंगाचं माप तोंडपाठ, ते असं उतरत नाही. मी म्हटलं, ‘हे काय?’ तुम्ही म्हणालात, ‘गोड बंद केलं, इरानं सांगतलं आजी जाडी झाली.’ मी फितीवर विश्वास ठेवायचा सोडून तुमच्यावर ठेवला. शिंपिणीनं असं कधी करू नये.

मग रोडग्याचा दिवस. तुमच्या तिवश्याच्या शेतावर, हुरड्याचे दिवस संपत आले होते तेव्हा. माणसांनी गोवऱ्या पेटवून निखाऱ्यांचा आर केला, कणकेचे जाड रोडगे राखेत पुरले, वांग्याची भाजी चुलीवर रटरटत होती. रोडग्याचं असं असतं की एकदा आरात घातला की विसरून जायचं. उकरून पाहिला तर आतून कच्चा राहतो, आणि मग तो परत शिजत नाही. दर वर्षी काडी घेऊन आराभोवती फिरणारी मी, आणि दर वर्षी माझ्या हातातली काडी काढून घेणाऱ्या तुम्ही.

यंदा तुम्हीच काडी घेतली. मी चादरीवर बसून मुळा चिरत होते आणि पाहते तर तुम्ही आर उकरून रोडगा बाहेर काढला, फोडला, आत पीठ. कच्चा. इवाई, तुमचे यजमान, ओरडले, ‘अरे, तुले काय झालं?’ तुम्ही म्हणालात, ‘आज मलेच धीर नाही.’ मी एवढी खूश झाले. म्हटलं, ‘आता कोण जी-शिंग-झ?’ आणि या वेळी माझा उच्चार बरोबर आला. जी वर, शिंग खाली. तुम्ही माझ्याकडे पाहिलं आणि ‘पास झाल्या,’ म्हणालात.

जेवणानंतर आपण दोघी बांधावर बसलो. ऊन पाठीवर घेत. तुम्ही एकदम म्हणालात, ‘इनबाई, आपण एकमेकीले तू नाही म्हनू शकत का?’

‘लेकीच्या सासूले तू म्हनू? लोक काय म्हणतील?’

‘लोक इथं कोण हाय? पऱ्हाटी हाय. माझं नाव सुमन हाय. एवढ्या वर्षांत तुमी एकदा बी घेतलं नाही.’

‘घेईन न. कावून घाई सुटली तुमाले आज? थोळं थांबा. इराच्या लग्नात घेईन, मांडवात, सगळ्यांसमोर.’

मी हे हसत म्हटलं होतं. तुम्ही पण हसलात. मग वेचून झालेल्या पऱ्हाटीला चिकटून राहिलेला कापूस तुम्ही बोटानं ओढत बसलात आणि म्हणालात, ‘ठीक हाय. इराच्या लग्नात.’ इरा पाच वर्षांची आहे. तुम्हाला माहीत होतं. तुम्ही मला त्या बांधावर बसून ‘ठीक हाय’ म्हणालात, आणि मी घरी येऊन यांना सांगितलं की आज इनबाई किती मोकळ्या बोलल्या.

त्यानंतर फोनवरचं ‘येजा’ बंद झालं.

पहिल्यांदा मला वाटलं विसरल्या. दुसऱ्यांदा वाटलं कोणीतरी आलं असेल दारात. मग लक्षात आलं की फोन ठेवताना तुम्ही आता ‘काळजी घ्या’ म्हणता. ‘काळजी घ्या’ हे आपण बँकेतल्या बाईलाही म्हणतो. माझा पारा चढला. मी मनात सगळं उलटंपालटं करून पाहिलं. तेलाचा वास आवडला नसेल का. तू म्हणायला नाही म्हटलं त्याचा राग आला का. प्राजक्ताला आडून विचारलं, ‘तुझ्या सासूबाई माझ्यावर नाराज आहेत का गं?’ तर ती म्हणाली, ‘छे गं आई, काहीतरीच तुझं.’ आणि फोन ठेवला. आता कळतं, रडू आलं असेल म्हणून ठेवला.

हे मला म्हणायचे, ‘एवढं मन खाऊन राहिलं तं जाऊन ये न. अमरावती काय विलायत हाय?’ मी दोनदा पिशवी भरली. कुरड्या, तिळाची चटणी, तुमचं शिवलेलं ब्लाऊज. दोनदा परत रिकामी केली. बोलावल्याशिवाय जायचं नाही. माझ्या आईचं ऐकून मी आयुष्यात फार थोड्या गोष्टी केल्या, त्यात ही एक. तुम्ही ‘येजा’ म्हणाल याची वाट पाहत मी बसले. मी, इनबाई. जिला चहाला उकळी येईपर्यंत दम निघत नाही ती मी अख्खा उन्हाळा बसून राहिले.

आणि रविवारचे फोन चालूच होते. तुमची चौकट काळी असायची, कॅमेरा बिघडला म्हणून. आवाज बारीक यायचा, ‘उन्हानं’ म्हणून. एका रविवारी मी इराला गोष्ट सांगत होते आणि मागून आवाज आला, ‘भंगाऽऽर, रद्दी पेपर, डब्बा बाटली.’ मी पाहिलं तर, ज्याचा आवाज येतो त्याच्या चौकटीला दिसते ती हिरवी कड तुमच्या चौकटीला नव्हती, प्राजक्ताच्या चौकटीला होती. मी म्हटलं, ‘काय गं, शांघायमध्ये पण कबाडीवाला येतो का?’

मग तुम्ही हसायला लागलात. इतक्या हसलात की खोकला लागला. प्राजक्ता हसली, निखिल हसला. इरा हसली नाही, ती कॅमेऱ्यातून बाजूला गेली. मी पण हसले, आपला विनोद जमला म्हणून. संध्याकाळी शेजारणीला सांगितला.

ते सगळे तेव्हा तुमच्या घरी होते. आठवडाभरापासून. प्राजक्ता मागच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसायची म्हणजे मला ओळखू येऊ नये, आणि तुम्ही पुढच्या खोलीत पलंगावर. माझी लेक दीड वर्षानं देशात आली होती आणि माझ्यापासून एसटीच्या एका तिकिटावर बसून मला सांगत होती, ‘आई, इकडे आज फार दमट आहे.’ आणि त्या लेकरालासुद्धा शिकवलं होतंत, अकोल्याच्या आजीला सांगायचं नाही म्हणून. तिला खोटं जमत नाही म्हणून ती बाजूला गेली. सगळ्या घरात तेवढी एकच माझ्या बाजूनं होती असं म्हणायचं.

पुढच्या गुरुवारी दुपारी फोन आला. प्राजक्ता म्हणाली, ‘आई, आई गेल्या.’ मला कळेना कोण. मी म्हटलं, ‘कोणाची आई?’ तर तिनं फोन निखिलकडे दिला.

आम्ही पोचलो तेव्हा तुमच्या दारात चपला मावत नव्हत्या. तुमच्या शेजारच्या ताई मला पाहून म्हणाल्या, ‘या बाई, लय सोसलं बिचारीनं. तुमाले तं माहीतच हाय.’ मी मान हलवली. तुमच्या पोळ्या करणाऱ्या बाईला माहीत होतं. दुधवाल्याला माहीत होतं, कारण दूध कमी केलं होतं. गल्लीतल्या कुत्र्याला माहीत असेल. मी तुमच्या पायाशी बसले आणि मला रडू आलं नाही. रागानं मी पदराची गाठ आवळत बसले. बायकांना वाटलं, दुःखानं.

प्राजक्ताशी मी तेरवीपर्यंत धड बोलले नाही. तेरवीच्या दुपारी पंगती उठल्यावर ती स्वयंपाकघरात पातेलं घासत होती. मी बाजूला उभी राहिले. तीच बोलली.

‘आई, त्यांनी शपथ घातली होती. इराची.’

‘का?’

‘त्यांना नागपूरला परत जायचं नव्हतं. इंजेक्शनं नको होती, सुया नको होत्या. घरी राहायचं होतं. डॉक्टरही म्हणाले, नेऊन फार फरक पडणार नाही. त्या म्हणाल्या, बाकी सगळ्यांना मी समजावीन, पण तुझी आई ऐकणार नाही. ती जी-शिंग-झ आहे. ती मुंबईला नेईल, डॉक्टरांशी भांडेल, कोणाकोणाचे काढे आणेल. तिला नुसतं बसून वाट पाहता येणार नाही. आणि तिचं ऐकून मी गेलेच तर दवाखान्यात मरीन.’

भांडले असते, खरंच. मुंबईला नेलं असतं. पण एकदा विचारायचं होतंत, इनबाई. बसा म्हटलं असतं तर बसले असते. तुमच्या पलंगाशेजारी हातशिलाई घेऊन बसले असते, हुक लावत, काजं करत. एवढी वर्षं माझा हात धरून उकळीची वाट पाहायला लावलीत ती कशासाठी? एक शब्द सापडला आणि त्यात मला घालून वर झाकण लावलंत. मी त्यात मावते का हे पाहिलं नाहीत.

मी प्राजक्ताला म्हटलं, ‘मग झालं त्यांच्या मनासारखं.’

ती पातेलं तसंच ठेवून माझ्याकडे वळली. म्हणाली, ‘नाही झालं. शेवटचे चार-पाच दिवस त्या फाटकाकडे तोंड करून झोपायच्या. पलंग फिरवून घेतला होता. मी विचारलं, काय पाहता? तर म्हणाल्या, “तुझी माय येते पाह्य आता. कोनाचं ऐकनारी नाही ते. तिले कोनी सांगो नाही तं नको सांगो, तिले कुठं दम निघते? येईनच.” रिक्षा थांबली की मान उचलायच्या. मी म्हटलं, आईला फोन करू का? तर नाही म्हणाल्या. “बलावल्यावर तं कोनीबी येते.”’

मी तिथंच ओट्याला टेकून खाली बसले. तेव्हा रडले मी, तेराव्या दिवशी, खरकट्या भांड्यांमध्ये.

तुमचं ब्लाऊज माझ्याकडेच राहिलं आहे. ते उसवणार नाही आणि कोणाला देणारही नाही. प्राजक्ता परवा परत जाईल. तिच्याशी मी बोलायला लागले आहे, थोडं थोडं. इरानं काल मला फोनवर विचारलं, अमरावतीची आजी कुठं गेली, आणि मी सांगितलं. खोटं नाही सांगितलं. तुमचे धडे मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलेत, आठवड्याला एक शब्द, तुमच्यासारखे. रागानं करते आहे, प्रेमानं नाही, हे लक्षात असू द्या.

तुम्ही त्या पलंगावर पडून माझ्या घाईवर भरवसा ठेवला, आणि मी अकोल्यात भरलेली पिशवी घेऊन तुमच्या एका शब्दाची वाट पाहत बसले. चिनी नाही, आपल्या रोजच्या शब्दाची. माफ मी करून टाकीन कधीतरी, माझा स्वभाव राग धरून बसायचा नाही. पण आज नाही. आणि इराच्या लग्नापर्यंत मी थांबत नाही. लोक ऐकोत, इवाई ऐकोत, माझी आई वरून ऐको.

सुमन, एक येजा म्हनायचं होतं. तू कावून नाही म्हनलं?